बाईंच्या आठवणीत नक्की काय करावं? माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकमत होईना

दिघा_ते_दादर

नमस्कार. जरा लांबेल, पण वाचा आणि कुणाला असल्या कामाचा अनुभव असेल तर सांगा.

आमच्या बाई गेल्या वर्षी आषाढात गेल्या. ब्रेस्ट कॅन्सर. पहिल्यांदा निघाला तेव्हा ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, मधली काही वर्षं चांगल्या होत्या, शाळेत परत रुजू झाल्या, रिटायर झाल्या आणि मग लिव्हरमध्ये निघाला. नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. दिघा-रबाळे पट्ट्यातले जुने लोक ओळखतीलच, त्यांनी पण इथे टाकू नका प्लीज.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ठाणे-बेलापूर रोडच्या एका अंगाला एमआयडीसी, तिच्या मागे डोंगर आणि डोंगरात दगडखाणी. दुष्काळाने गाव सोडलेले सोलापूर, विजापूर, गुलबर्ग्याकडचे वडार लोक तिथे दगड फोडायला आले, नवी मुंबईच्या निम्म्या बिल्डिंगांची खडी त्यांच्याच हातची असेल, आणि पोरं मात्र क्रशरच्या धुळीत बसलेली, कडेवर धाकटं भावंड. बाई आमच्या अनुदानित शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवायच्या. शाळा सुटली की खाणीवर जायच्या. ताडपत्रीखाली वर्ग. मी त्या ताडपत्रीतून शाळेत आलेला, आता दादरला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे.

बरं, बाईंचं काम एवढंच नव्हतं. दर वर्षी आरटीईचे, म्हणजे खासगी शाळेत गरीब पोरांच्या फुकट प्रवेशाचे, फॉर्म निघाले की बस्तीतल्या लोकांचे फॉर्म भरून द्यायच्या, शाळा सोडलेल्या बायकांना १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवायच्या, दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या, पाण्याच्या टँकरवरून वॉर्ड ऑफिसात भांडण, सगळीकडे बाई.

आता आषाढ जवळ येतोय आणि ग्रुपवर नुसते वाद. एक गट म्हणतो दहावीत पहिल्या येणाऱ्याला बाईंच्या नावाने पुरस्कार ठेवा, एक म्हणतो चौकाला नाव द्या, कुणी म्हणतो रक्तदान शिबिर घेऊन टाका म्हणजे पटकन होतं, आणि परदेशात गेलेले दोघं म्हणतात सरळ ट्रस्ट काढा आम्ही पैसे पाठवतो. सगळ्यांचे मिळून दोनेक लाख जमतील असं वाटतंय. बाईंचे मिस्टर, आम्ही काकाच म्हणतो, त्यांना विचारलं तर ते म्हणाले काहीही करा फक्त हार घातलेला फोटो लावून भाषणं नकोत. आणि त्यांची मुलगी म्हणते कार्यक्रम करा पण बॅनरवर पत्रिकेवर कुठे कॅन्सर हा शब्द नको. ते मला नीट कळलं नाही पण मी काही बोललो नाही.

तर प्रश्न असे की पैसे गोळा करायला काही परवानगी लागते का, ट्रस्ट काढावा का, आणि मुळात तुमच्याकडे असं कुणासाठी काही केलं असेल तर ते पाच वर्षांनी टिकलंय का?

कोपरीची_पोर

पहिलं सांगते, टॉपरला पुरस्कार अजिबात नको. पहिल्या येणाऱ्या पोराला क्लासवाले, नगरसेवक, ज्ञातीचं मंडळ सगळेच बोलावून पेढे देतात. बाई कधी पहिल्या बाकावरच्यांच्या मागे लागल्या होत्या का? त्या तर नापास झालेल्यांच्या घरी जायच्या.

माझी आई रबाळ्याला अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका व्हायचं तर तेव्हा दहावी पाहिजे, आई सातवीत शाळा सोडलेली. बाईंनी तिचा १७ नंबर भरला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसायचं तर बोर्डाचा हा फॉर्म असतो, आता ऑनलाइन भरतात. फॉर्म भरणं काही अवघड नाही, अवघड असतो शाळा सोडल्याचा दाखला. आईची शाळा अक्कलकोट तालुक्यातली, दाखला कुठे गेला कुणाला पत्ता नाही. बाईंनी तिथल्या हेडमास्तरांना पत्रं लिहिली, उत्तर नाही, मग माझ्या मामाला एसटीने धाडलं, तो तिथे दोन दिवस बसून राहिला आणि दुसरी प्रत घेऊन आला, त्याच्यासोबत प्रतिज्ञापत्र जोडलं तेव्हा कुठे फॉर्म स्वीकारला. अशा प्रत्येक बाईमागे एक दाखल्याची भानगड असायची.

शिकवायच्या रात्री साडेआठनंतर, बायकांचा स्वयंपाक उरकल्यावर. टक्केवारी शिकवायला रेशनच्या पावत्या. भूगोलात नदीचं खोरं शिकवायचं तर पावसात डोंगरावरून कुठून पाणी येतं आणि कुणाच्या घरात शिरतं ते फळ्यावर काढायच्या. आई गणिताला रडायची, तर बाई म्हणायच्या "पस्तीसला पास ना, मग पस्तीसच आण, छत्तिसावा मार्क माझ्याकडे जमा कर." आईला एकेचाळीस पडले. ते सहा मार्क बाईंना द्यायचे राहिले असं आई अजून हसत सांगते.

त्यामुळे माझं मत, दर वर्षी जितक्या बायका बसतील तितक्यांची १७ नंबरची फी, पुस्तकं आणि दाखला आणायचं जाण्यायेण्याचं भाडं. बास. याला ना हॉल लागतो ना बॅनर.

जमाखर्च_ठाणे

व्यवसायाने सीए आहे, ट्रस्टची बरीच ऑडिट्स करतो म्हणून सांगतो. ट्रस्ट काढू नका. निदान लगेच नको.

कारण असं की सार्वजनिक ट्रस्ट म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, ज्याला जुने लोक अजून बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट म्हणतात, त्याखाली नोंदणी. संस्था म्हणून काढायची तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात माणसं आणि आपल्या राज्यात ती पुन्हा धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंदवावी लागते. नंतर दर वर्षी हिशेब, ऑडिट, इन्कम टॅक्सचं रिटर्न. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. हा चेंज रिपोर्ट कुणी वेळेवर देत नाही. विश्वस्तांपैकी एक वारतो, एक पुण्याला जातो, दोघांचं भांडण होतं, आणि बँक म्हणते कागदावर ज्यांची नावं आहेत त्यांच्याच सह्या आणा. खात्यात पैसे पडून आणि काम बंद अशा किती फायली माझ्या कपाटात आहेत. सगळ्या कुणा ना कुणाच्या स्मरणार्थच आहेत.

परदेशातून पैसे तर मुळीच हौसेने घेऊ नका. पाठवणाऱ्याने तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर तो विदेशी निधी होतो, त्याचा कायदा वेगळा आणि कडक आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःची बचत असेल तर भाग वेगळा. आधी विचारून घ्या कोण काय आहे.

ओळखीच्या लोकांनी आपसात काढून कुणाची परीक्षा फी भरली तर त्याला कुणी अडवत नाही. पण पावती पुस्तक छापून, क्यूआर कोड पोस्ट करून लोकांकडून वर्गणी घ्यायची म्हणाल तर नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादायकडून कलम ४१ क ची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच.

तिसरा रस्ता लोक सुचवतील, शाळेच्या संस्थेकडे ठेव ठेवा आणि व्याजातून करा. हिशेब करून बघा. २ लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला १४ हजार, आणि ते दहा वर्षांनीही १४ हजारच, फी मात्र वाढलेली. त्यापेक्षा मुद्दल खर्चा. पाच-सात वर्षांत संपवा. तोवर पुढचे कुणी उभे राहिले तर चांगलं, नाही राहिले तर पैसे कामाला तरी आले.

स्पष्टच_घणसोली

सगळे गोड बोलतायत म्हणून मी जरा वेगळं बोलतो. राग मानू नका.

बाईंना देवी करू नका. बाई तापट होत्या. माझ्या घरी न विचारता यायच्या, पातेल्यात काय शिजतंय ते बघायच्या, माझ्या बापाला सगळ्या चाळीसमोर बोलायच्या. बाप माझा प्यायचा. त्याने बाईंना शिव्या दिल्यात, एकदा दारात आडवा झोपला पण आत येऊ देईना. बाई त्याला ओलांडून आत आल्या आणि मला म्हणाल्या दप्तर घे. मला तेव्हा बाईंचाच राग यायचा, कारण त्या गेल्यावर मार मला पडायचा. एकदा ते त्यांना सांगितलं. गप्प झाल्या, आणि मग घरी यायचं बंद करून आईला शाळेत बोलवायला लागल्या. हे पण लिहा कुठे लिहिणार असाल तर.

आडव्या बाटलीची गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून सांगतो. दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान घेता येतं, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, पण तेव्हा नियम असा की मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नाही, यादीत जेवढ्या बायकांची नावं त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आमच्याकडे आलेल्या बायकांनी झाडून आडव्या बाटलीला मत दिलं, तरी हरलो. कारण यादीत गावाला परत गेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, मेलेल्यासुद्धा. त्या सगळ्या दुकानवाल्याच्या बाजूने मोजल्या गेल्या म्हणायच्या. लोक रडत होते आणि बाई म्हणाल्या, "यादी चुकीची आहे, आधी यादी दुरुस्त करू."

आणि त्या बीएलओ पण होत्या ना. मतदार यादीचं काम शिक्षकांच्या गळ्यात मारतात, सगळे शिव्या घालत करतात. बाई त्याच फेरीत घराघरात बघायच्या की शाळेत न जाणारं पोर कुठल्या घरात आहे. सरकारचं रजिस्टर एका हातात आणि स्वतःची दोनशे पानी वही दुसऱ्या हातात. त्या वहीत मी होतो.

चौकाला नाव वगैरे तर विसराच. नाव बाईंचं आणि उद्घाटनाच्या बॅनरवर सहा पुढाऱ्यांचे फोटो बाईंपेक्षा मोठे. हार घातलेला फोटो नको म्हणणाऱ्या काकांना हे चालेल का?

एसडीपी_ताई

रक्तपेढीत टेक्निशियन आहे. शिबिराबद्दल लिहिलंय म्हणून घुसते.

शिबिर चांगलंच आहे, नाही म्हणणार नाही. पण कॅन्सर पेशंटच्या आठवणीत करताय तर एक समजून घ्या. केमोने प्लेटलेट पडतात आणि प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. लाल पेशींची पिशवी महिनाभराच्या वर ठेवता येते, प्लेटलेटची नाही. म्हणजे आषाढात एका रविवारी तुम्ही शंभर पिशव्या दिल्या तरी पुढच्या महिन्यातल्या पेशंटला त्यातली प्लेटलेट मिळणार नाही.

त्यापेक्षा यादी करा. एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर फक्त प्लेटलेट काढून घेतात, बाकीचं रक्त परत त्याच्याच अंगात सोडतात. तासभर, कधी दीड तास. नेहमीच्या रक्तदानाला पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिने थांबावं लागतं, यात दोन दिवसांनी पुन्हा देता येतं, पण आठवड्यात दोनदा आणि वर्षात चोवीस वेळा याच्यावर नाही. वय, वजन, हिमोग्लोबिन, प्लेटलेटचा आकडा, हाताची शीर हे सगळं बघूनच घेतात, त्यामुळे यादीतल्या दहातले सहाच उपयोगी पडतील असं धरून चाला.

सगळ्यात जास्त ओढाताण मे महिन्यात आणि दिवाळीत. कॉलेजं बंद, लोक गावाला. तुमच्या ग्रुपमधले तेव्हा ठाणे नवी मुंबईत कोण कोण असतात तेवढं जरी आधी लिहून ठेवलंत आणि खारघर नाहीतर परळच्या टाटा हॉस्पिटलला लागलं की निघालात, तरी खूप झालं. आणि रात्री अकराला फोन आला तर उचला, बंद करून झोपू नका, हे जरा रागानेच लिहितेय.

पामबीच_सकाळ

मी बाईंना शेवटच्या वर्षात ओळखते. माझी आणि त्यांची केमो एकाच वाराला असायची. त्यामुळे शाळेच्या बाई म्हणून मला काही माहीत नाही, शेजारच्या खुर्चीतल्या म्हणून माहीत आहेत.

खारघरला जायला त्या ऐरोलीहून लोकल पकडायच्या. कॅन्सर पेशंटला अपंगांच्या डब्यातून जाता येतं. केस गेलेले, त्यावर स्कार्फ, पण तब्येतीने तशा धडधाकट दिसायच्या, तर एकदा एका माणसाने आरडाओरडा केला की इथे कशाला चढलात. बाईंनी पिशवीतून हॉस्पिटलची फाइल काढून दाखवली. तो ओशाळला. मग याच बाई त्याला विचारतात तुमचं काय, तर त्याचा पाय एमआयडीसीत मशीनमध्ये गेलेला आणि भरपाई मिळालेली नाही. तिथून बेलापूर येईपर्यंत कामगार आयुक्तांकडे अर्ज कसा करायचा ते सांगत बसल्या. माझ्याशी बोलायला यायच्या तेव्हा त्यांना दम लागलेला असायचा, तरी ते सगळं मला रंगवून सांगितलं.

आता मुलीच्या म्हणण्याबद्दल. मला ती का म्हणते ते कळतं. शेवटचे महिने घरच्यांनी बघितलेत, तुम्ही नाही. आणि बाई गेल्यावर लोक त्या कशाने गेल्या तेवढंच धरून बसतात. तिला विचारल्याशिवाय काही छापू नका.

पण बाई स्वतः लपवत नव्हत्या. पहिल्या वेळी गाठ हाताला लागली तेव्हा परीक्षेचे पेपर तपासायला घेतले होते, ते संपवून जाऊ म्हणून थांबल्या, हे त्या स्वतः बस्तीतल्या बायकांना सांगायच्या. आणि मागून म्हणायच्या "दुखत नाही म्हणून थांबलात तर तुम्ही माझ्याच वर्गातल्या." लाजून कुणी बोलायचं नाही, मग त्याच एकेकीला घेऊन नागरी आरोग्य केंद्रात जायच्या. तिशीच्या वरच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात फुकट असते, पण ती आहे हेच कुणाला माहीत नसतं.

त्यांनी मला टाटाच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, मी नंतर वाचून काढला. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाखाच्या आसपास बायका, निम्म्यांची दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने छातीची तपासणी. मॅमोग्राफी नाही, मशीन नाही, डॉक्टरही नाही. ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविका. २०२१ मध्ये छापून आलं की पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये तसा फरक दिसला नाही, हे पण त्यात आहे. त्याच काळात व्हिनेगर लावून गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायचा अभ्यास झाला, त्यातही मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. आणि ते तपासणारे हात कुणाचे, तर दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या बायकांचे, काही आठवड्यांचं ट्रेनिंग घेतलेल्या. बाईंना या गोष्टीचं फार कौतुक. म्हणायच्या बघा माझ्या १७ नंबरवाल्या काय काय करू शकतात.

कोपरीची_पोर

@पामबीच_सकाळ ताई तुमची तब्येत कशी आहे आता? हे वाचून आईला फोन केला. ती म्हणाली बाईंनी तिला पण नेलं होतं तपासणीला, आम्हाला घरात कुणाला माहीतच नव्हतं.

पामबीच_सकाळ

मी ठीक आहे गं. सहा महिन्यांनी फॉलोअप असतो. आईंना नमस्कार सांग.

कोसबाड_वाया_डहाणू

थोडं विषयांतर, पण बाईंच्या ताडपत्रीच्या वर्गाचं मूळ कुठे आहे ते सांगायचंय. बाई तरुणपणी कोसबाडला राहून आल्या होत्या, तिथेच माझी ओळख. तेव्हा तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ ला पालघर वेगळा झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत आणि नंतर कोसबाडला आदिवासी पोरांसाठी बालवाडी चालवली. पोरं येईनात म्हणून अंगणवाडी, म्हणजे बालवाडीच पाड्यातल्या अंगणात न्यायची. गुरं राखणारी पोरं येईनात म्हणून कुरणशाळा, गुरं चरतात तिथेच वर्ग. आणि धाकट्या भावंडांना सांभाळायचं म्हणून मुली येत नाहीत तर भावंडांना पण घेऊन या, त्यांच्यासाठी पाळणाघर बाजूलाच.

खाणीवर बाईंनी हेच केलं. कडेवरच्या पोरासकट वर्गात बसवायच्या. पर्यवेक्षक आले की नाक मुरडायचे, वर्गात तान्ही मुलं कशी काय. एका ३ जानेवारीच्या कार्यक्रमात निवेदकाने बाईंना आजच्या सावित्रीबाई म्हटलं, तर बाईंनी माइक घेऊन सांगितलं की त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या, मला महिन्याला पगार मिळतो, तुलना करू नका, आणि जमलेच आहात तर खाणीवर दुपारच्या वर्गाला दोन माणसं कमी आहेत. दोन माणसं मिळाली पण.

आज खाणी पूर्वीसारख्या चालत नाहीत. ते लोक गेलेले नाहीत, नाका कामगार झालेत, घरकामाला जातात. पोरं आता धुळीत दिसत नाहीत म्हणून शाळेत आहेत असं समजू नका. खोल्यांमध्ये मोबाइल घेऊन बसलेली आहेत.

जमाखर्च_ठाणे

आरटीईचं काय? ते कुणी धरलं नाही. मूळ पोस्टमध्ये होतं.

स्पष्टच_घणसोली

मी करतो की ते. बाई आजारी पडल्यापासून मीच करतोय, सांगितलं नाही एवढंच. २५ टक्के राखीव जागा, ऑनलाइन फॉर्म, लॉटरी. लोक चुकतात ते नकाशावर. घराचं ठिकाण नकाशात टोचायचं असतं, पत्त्याच्या पुराव्याशी ते जुळलं नाही की लॉटरी लागूनही पडताळणीत बाद. झोपडपट्टीत नकाशावर गल्ल्याच दिसत नाहीत, मग कुणी सायबर कॅफेवाला हायवेवर पिन टोचतो. मी घरी जाऊन दारात उभा राहून लोकेशन घेतो. आर्थिक दुर्बल म्हणून भरायचं तर उत्पन्नाचा दाखला १ लाखाच्या आतला पाहिजे, तो डिसेंबरातच काढून ठेवायला सांगतो, फॉर्म सुटल्यावर सेतूत गर्दी होते.

२०२४ ला सरकारने नियम बदलला होता आठवतंय ना, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. हायकोर्टाने तो रद्द केला जुलैमध्ये. त्या चार-पाच महिन्यांत लोकांनी बाईंचं दार वाजवून वाजवून विचारलं, बाई तेव्हा बिछान्यावर, तरी पेपरातली कात्रणं उशाशी. मला म्हणायच्या निकाल लागेपर्यंत लोकांचे कागद तयार ठेव, कागद शिळे होऊ देऊ नकोस.

मला पैसे नकोत. एक लॅपटॉप जुना चालेल आणि फेब्रुवारीत शनिवारी-रविवारी येणारी तीन-चार माणसं. येणारी म्हणजे खरंच येणारी. अंगठा दाखवणारी नको.

दिघा_ते_दादर

सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री ग्रुपवर हे सगळं टाकलं. ट्रस्ट बाद, चौक बाद. पुरस्कारवाल्या गटातले दोघं रुसलेत, रुसू देत. परदेशातल्या दोघांपैकी एकाचा पासपोर्ट अजून भारतीयच निघाला, दुसऱ्याला सांगितलं तू सुट्टीत आलास की प्लेटलेट दे, तो हसला पण हो म्हणाला. १७ नंबरचा खर्च ग्रुपमधूनच, बाहेर वर्गणी मागायची नाही. हिशेब मी ठेवतो आणि दर तिमाहीला ग्रुपवर टाकतो. प्लेटलेटची यादी कोपरीची_पोर बनवतेय, रक्तगट आणि मे-दिवाळीत कुठे असता हे दोन रकाने त्यात आहेत. लॅपटॉप माझ्या ऑफिसात जुने निघणार आहेत, विचारतो.

बाईंच्या मुलीला पण हा धागा वाचायला दिला, न विचारता करायचं नव्हतं. तिने पूर्ण वाचला. म्हणाली बॅनरवर नकोच, पण तपासणीला बायकांना घेऊन जायचं असेल तर आईचं उदाहरण खुशाल सांगा, पेपर तपासायचे म्हणून थांबली होती ते पण सांगा. आणि ती दोनशे पानी वही त्यांच्याकडे आहे. देणार नाही म्हणाली, पण घरी येऊन उतरवून घ्या म्हणाली. त्यात शेवटच्या पानांवर काही बायकांची नावं आहेत ज्यांचा १७ नंबर अर्धवट राहिलाय.

त्यातल्या तिघींशी बोलणं झालं. एकीच्या शाळेच्या दाखल्याचं अडलंय, शाळा कर्नाटकात आहे, कानडी माध्यम, त्यांच्याकडे जुनी फाटकी प्रत आहे ती आमच्यातल्या कुणाला वाचता येत नाही. बोर्डाचं विभागीय ऑफिस वाशीलाच आहे, तिथे जाऊन विचारणार आहे, पण आधी कागदावर काय लिहिलंय ते तरी कळायला पाहिजे. कुणाला कानडी येतं का?

वडारवाडी_तुर्भे

मला येतं. मी पण ताडपत्रीवालाच, बाईंनी चौथीपर्यंत कधी मराठीची जबरदस्ती केली नाही आम्हाला, कानडीत बोललं तरी चालायचं. फोटो काढून पाठवा, सरळ उजेडात काढा, शिक्का दिसला पाहिजे. शाळा आळंद तालुक्यातली असेल तर अजून सोपं, माझे मामा तिथेच राहतात, हेडमास्तरांकडे जाऊन बसतील. गावाचं नाव काय आहे?